कर्नल अपडेट झाला की वायफाय गायब: लिनक्स लॅपटॉपचं परत परत उद्भवणारं दुखणं

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या लॅपटॉपशी जुळत असेल तर पुढचं वाचा.

• रात्री अपडेट करून लॅपटॉप बंद केला, सकाळी चालू केला तर वायफायचं चिन्हच नाही. सेटिंगमध्ये ‘वायफाय अ‍ॅडॉप्टर सापडलं नाही’ असा संदेश.
• पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं तेव्हा वायफाय होतं, इन्स्टॉल करून अपडेट केल्यावर गेलं.
• चिन्ह आहे, पण यादी रिकामी. शेजाऱ्यांचं नेटवर्कसुद्धा दिसत नाही.
• राउटरच्या खोलीत चालतं, भिंतीपलीकडे गेलं की तुटतं.
• जोडलं जातं, पण थोडा वेळ हात लावला नाही की बंद पडतं.
• विंडोज बंद करून लिनक्स चालू केलं तर वायफाय नाही. लिनक्स पुन्हा रीस्टार्ट केलं तर कधी येतं, कधी येत नाही.
• सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल केलं की ठीक होतं, आणि काही आठवड्यांनी परत तेच.

या शेवटच्या लक्षणापायी लोकांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, म्हणून त्याचं कारण आधीच सांगतो. आयएसओ फाइल, म्हणजे लिनक्स इन्स्टॉल करायची फाइल, ज्या दिवशी बनली त्या दिवशीचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिच्यात असतो. पुन्हा इन्स्टॉल करणं म्हणजे त्या जुन्या कर्नलवर परत जाणं. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, त्याच्यासाठी बसतो आणि पुढचा कर्नल येईपर्यंत चालतो. दोष जागच्या जागीच राहतो, फक्त त्याची तारीख पुढे जाते. लॅपटॉप फॉरमॅट करायची गरज या दुखण्यात जवळजवळ कधीच नसते. त्यात फाइली जातात, एक अख्खा दिवस जातो, आणि पुढच्या अपडेटला परत तिथेच येऊन थांबतो.

विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही किंवा प्रोसेसर जुना आहे म्हणून विंडोज ११ घेऊ न शकणारे, पण एरवी धडधाकट असलेले लॅपटॉप त्यामुळे मोठ्या संख्येनं लिनक्सकडे वळत आहेत. कॉलेजच्या मुलांचे, शाळांना देणगीत मिळालेले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले म्हणून घेतलेले असे लॅपटॉप माझ्याकडे सतत येतात. स्क्रीन, आवाज, टचपॅड बहुतेक वेळा आपोआप चालतात. अडतं ते वायफायपाशी, कारण स्वस्त मॉडेलमध्ये स्वस्तातली वायफाय चिप असते आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये एक तर नसतो, किंवा उशिरा आलेला असतो.

हात घालण्याआधी: फोनवरून नेट

वायफाय नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, ड्रायव्हर नाही म्हणून वायफाय नाही, असं तिथेच अडकायचं कारण नाही. अँड्रॉइड फोन डेटा केबलनं लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला ते वायरच्या नेटवर्कसारखं दिसतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर तेच नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. टेदरिंगचा पर्यायच दिसत नसेल तर केबल बदला. काही केबल फक्त चार्जिंगपुरत्या असतात.

एक सूचना. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

फुकटच्या तपासण्या

सगळ्यात आधी बटण. कीबोर्डवर विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं जातं. जुन्या मॉडेलमध्ये पुढच्या किंवा बाजूच्या कडेला छोटा सरकता स्विच असतो. टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ समोर ‘येस’ असेल तर ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल’ दिल्यावर काम होतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ समोर ‘येस’ असेल तर अडवणूक स्विचची किंवा बायोसची (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगची) आहे, कमांडनं ती सुटत नाही. बायोसमध्ये जाऊन ‘वायरलेस लॅन’ चालू आहे का पाहा. ज्या लॅपटॉपला असा स्विचच नाही तिथेही कधी कधी ‘हार्ड ब्लॉक्ड’ दिसतं. कंपनीच्या खास बटणांसाठी असलेलं मॉड्यूल (कर्नलमध्ये चढणारा ड्रायव्हरचा तुकडा), उदाहरणार्थ काही आयडियापॅड मॉडेलवर ‘आयडियापॅड_लॅपटॉप’, स्विचची स्थिती चुकीची वाचतं. ते मॉड्यूल ‘सुडो मॉडप्रोब -आर’ नं उतरवून पाहा. वायफाय आलं तर ते ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे बूटच्या वेळी आपोआप चढू देऊ नका, पण त्याबरोबर एखाद-दुसरं खास बटण बंद पडू शकतं हे धरून चाला. ही तपासणी पहिली अशासाठी, की इथे अडवणूक असेल तर पुढे कितीही ड्रायव्हर बसवले तरी फरक पडणार नाही.

दुसरं, विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’. लॅपटॉपवर दोन्ही असतील तर हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नसतं. विंडोज आपला कर्नल डिस्कवर साठवून झोपतं आणि काही कार्डं अर्धवट अवस्थेत सोडतं. लिनक्सला ते कार्ड जागं करता येत नाही. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. याचा आणखी एक फायदा म्हणजे विंडोजची ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरती उघडते, ही तक्रारही थांबते.

मग लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आतला उरलासुरला विद्युतभार निघून जातो आणि अडकलेलं कार्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

यानंतरची तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त माहिती देते: जुन्या कर्नलनं बूट करून पाहा. लॅपटॉप चालू होताना शिफ्ट दाबून धरा किंवा एस्केप दाबा, ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल चालू करायचा ते निवडण्याचा, मेनू येईल. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये आधीचा कर्नल निवडा. त्यावर वायफाय चाललं तर कार्ड चांगलं आहे, अँटेना चांगली आहे, ड्रायव्हर योग्य आहे. तो फक्त नव्या कर्नलसाठी तयार झालेला नाही. मग थेट ‘हेडर्स आणि डीकेएमएस’ या भागाकडे जा. जुन्या कर्नलवरही नसेल तर क्रमानं पुढे चला.

चिपचा नंबर काढा, लॅपटॉपचं नाव विसरा

अमुक कंपनीच्या तमुक मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर कोणता, असं मला सतत विचारलं जातं. त्याला उत्तर नाही, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये एका लॉटला एका कंपनीचं कार्ड असतं आणि दुसऱ्या लॉटला दुसऱ्याच कंपनीचं. बॉक्सवरचं नाव इथे उपयोगाचं नाही. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ द्या आणि ‘नेटवर्क कंट्रोलर’ शब्द असलेली ओळ शोधा. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांचे दोन गट असतात. पहिला गट चिपची कंपनी सांगतो: १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे अ‍ॅथेरॉस, ८०८६ म्हणजे इंटेल. दुसरा गट नेमकी चिप. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. यापुढे मदत शोधायची ती या आकड्यानं.

नेहमी भेटणाऱ्या काही चिप सांगतो, म्हणजे अंदाज येईल.

१४ई४:४३६५ म्हणजे ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२. साधारण दहा वर्षांपूर्वीच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये ही खूप आढळते. तिला कर्नलमधला कुठलाही मोफत ड्रायव्हर चालवत नाही. ब्रॉडकॉमचा स्वतःचा बंद ड्रायव्हर ‘डब्ल्यूएल’ लागतो. तो मूळ कंपनीनं शेवटचा २०१५ मध्ये काढला. त्यानंतर कर्नल बदलत गेला आणि डेबियन, उबुंटू अशा लिनक्स वितरणांची माणसं त्याला ठिगळं लावत आली. नवा कर्नल आल्यावर ठिगळ यायला उशीर झाला की तेवढे दिवस वायफाय नाही. याच घरातली १४ई४:४७२७, म्हणजे बीसीएम४३१३, मात्र कर्नलमधल्या ‘बीआरसीएमएसमॅक’ ड्रायव्हरनं चालते. तिच्यासाठी ‘डब्ल्यूएल’ बसवून स्वतःहून दुखणं ओढवून घेऊ नका.

१०ईसी:सी८२१ म्हणजे रियलटेक आरटीएल८८२१सीई. हिचा ड्रायव्हर कर्नल ५.९ पासून आतच आहे. इंटरनेटवरचे जुने सल्ले त्याआधीचे आहेत आणि ते बाहेरून ड्रायव्हर आणून बसवायला सांगतात. आज त्याची गरज बहुधा नसते. १०ईसी:बी८५२ म्हणजे आरटीएल८८५२बीई, ही अलीकडची. हिच्यासाठी किमान ६.२ कर्नल हवा. डेबियन १२ चा मूळ कर्नल ६.१ आहे, म्हणजे जेमतेम एका पायरीनं हुकतो. तिथे बॅकपोर्ट्समधला (जुन्या आवृत्तीसाठी दिलेला नवा) कर्नल घ्यायचा, किंवा सरळ डेबियन १३ घ्यायचं, त्यात ६.१२ आहे. मीडियाटेकच्या १४सी३:७९६१ ला ५.१२ किंवा पुढचा कर्नल लागतो.

यातून निर्णय निघतो. जुन्या ब्रॉडकॉमला स्थिर, जुना कर्नल मानवतो. नव्या रियलटेकला आणि मीडियाटेकला नवा. ‘नेहमी सगळ्यात नवीन कर्नल टाका’ हा सल्ला अर्ध्या लॅपटॉपवर दुखणं वाढवतो. तुमचा कर्नल कोणता ते ‘यूनेम -आर’ सांगतं.

आता त्याच यादीत ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का पाहा. असेल तर ड्रायव्हर कार्डाला लागलाय आणि प्रश्न पुढचा आहे: फर्मवेअर (ड्रायव्हर कार्डात चढवतो ती फाइल), अँटेना, वीजबचत. ती ओळ नसेल आणि फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स’ असेल तर मॉड्यूल आहे पण लागलं नाही. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल अडवणारी सोय) किंवा दोन ड्रायव्हरांचं भांडण तपासा. दोन्ही ओळी नसतील तर या कर्नलसाठी ड्रायव्हरच नाही. आणि यादीत कार्डच दिसत नसेल, ‘एलएसयूएसबी’ मध्येही नसेल, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये नाही; खाली ‘कुठे थांबायचं’ वाचा.

फर्मवेअरची तपासणी सोपी आहे. ‘सुडो डीएमईएसजी’ द्या आणि ‘फर्मवेअर’ शब्द असलेल्या ओळी वाचा. ‘फेल्ड विथ एरर -२’ याचा अर्थ ती फाइल डिस्कवर नाही, एवढाच. उबुंटू-मिंटवर ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज अपडेट करा. डेबियनवर ‘फर्मवेअर-रियलटेक’ सारखी पॅकेजेस ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या विभागातून येतात. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच हे फर्मवेअर दिलं जातं, पण जुन्या आवृत्तीवरून चढवलेल्या लॅपटॉपमध्ये तो विभाग सोर्सच्या यादीत हातानं घालावा लागतो.

हेडर्स आणि डीकेएमएस: परत परत होण्याचं खरं कारण

कर्नलच्या बाहेरचा ड्रायव्हर, म्हणजे ‘डब्ल्यूएल’ किंवा गिटहबवरून आणलेला रियलटेकचा, प्रत्येक कर्नलसाठी नव्यानं बांधावा लागतो. एका कर्नलसाठी बांधलेलं मॉड्यूल दुसऱ्याला लागत नाही. हे काम आपोआप करायला डीकेएमएस आहे. तो घरच्या शिंप्यासारखा आहे: कापड, म्हणजे ड्रायव्हरचा सोर्स, त्याच्याकडे ठेवलेलं असतं, आणि नवा कर्नल आला की तो नव्या मापाचा सदरा शिवतो. माप म्हणजे कर्नलची हेडर्स. माप दिलंच नाही तर तो शिवणार कसा? आणि माप नाही म्हणून तो फार ओरडतही नाही. अपडेटच्या शेकडो ओळींत त्याची एक ओळ येऊन निघून जाते. तुम्हाला कळतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

बहुतेक लोकांनी हेडर्स बसवलेली असतात, पण चुकीच्या पद्धतीनं. इंटरनेटवरच्या जवळजवळ प्रत्येक सल्ल्यात ‘लिनक्स-हेडर्स’ च्या पुढे ‘यूनेम -आर’ जोडलेली कमांड असते. ती फक्त आत्ता चालू असलेल्या कर्नलची हेडर्स आणते. आजचं काम होतं, आणि पुढचा कर्नल येताना त्याची हेडर्स कोणी मागितलेली नसतात. म्हणून तेच दुखणं परत येतं. त्याऐवजी सामान्य नावाचं पॅकेज बसवा: उबुंटू आणि मिंटवर ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’, ६४ बिट डेबियनवर ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ (प्रोसेसर इंटेलचा असला तरी नाव हेच). उबुंटूचा एचडब्ल्यूई कर्नल (मधून मधून नव्या आवृत्तीवर नेला जाणारा) असेल तर नावाच्या शेवटी त्याप्रमाणे ‘एचडब्ल्यूई’ आणि आवृत्ती लागते. हे पॅकेज प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याची हेडर्स स्वतःहून आणतं. माझ्याकडे परत परत येणाऱ्या बहुतेक लॅपटॉपचं येणं एवढ्या एका पॅकेजनं थांबलं आहे.

बसवल्यावर ‘डीकेएमएस स्टेटस’ द्या. तुमच्या ड्रायव्हरच्या नावापुढे आत्ताच्या कर्नलचा नंबर आणि ‘इन्स्टॉल्ड’ हा शब्द दिसला पाहिजे. नुसतं ‘अ‍ॅडेड’ दिसलं तर सोर्स नोंदलाय, बांधलेला नाही. ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ द्या. त्यानं चूक दाखवली तर संदेशात ‘मेक डॉट लॉग’ फाइलचा पत्ता येतो. फाइल उघडून ‘एरर’ शब्द असलेली पहिली ओळ बघा; त्याखालच्या ओळी बहुधा तिच्यातूनच आलेल्या असतात. हेडर्स असूनही बांधणी अडत असेल तर ड्रायव्हरचा सोर्स नव्या कर्नलला जुना झालाय. मग ड्रायव्हरचं पॅकेज अपडेट करा, आणि अजून सुधारलेलं आलं नसेल तर ते येईपर्यंत जुन्या कर्नलवर काम करा. कर्नलची अपडेट्स मात्र ‘होल्ड’ करून कायमची थांबवून ठेवू नका. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात, आणि या लॅपटॉपवर लोक बँकेचे व्यवहार करतात.

उबुंटू २२.०४ मध्ये हे ठळक दिसलं. सुरुवातीचा कर्नल ५.१५ होता, पण डेस्कटॉपवर एचडब्ल्यूईमुळे ५.१९, ६.२, ६.५, ६.८ असे एकामागून एक आले. प्रत्येक उडीला ‘डब्ल्यूएल’ चं ठिगळ नव्यानं लागतं. जुनं ब्रॉडकॉम कार्ड असेल तर एचडब्ल्यूई सोडून ‘लिनक्स-जेनेरिक’ वर राहा, किंवा डेबियनची स्थिर आवृत्ती घ्या. त्यांचा कर्नल क्रमांक मध्येच उड्या मारत नाही.

गिटहबवरून ड्रायव्हर उतरवून ‘मेक’ आणि ‘सुडो मेक इन्स्टॉल’ केलं असेल तर डीकेएमएसला त्याचा पत्ताच नसतो. ते मॉड्यूल पुढच्या कर्नलला मिळणार नाही हे ठरलेलं आहे. ड्रायव्हर बाहेरूनच आणावा लागत असेल तर डीकेएमएसची सोय असलेलाच निवडा, आणि त्याआधी चिपचा नंबर पाहून तो कर्नलमध्ये आधीच आहे का, याची खात्री करा.

सिक्युअर बूट: बांधलं, पण आत घेतलं नाही

‘डीकेएमएस स्टेटस’ सगळं ठीक सांगतं, तरी वायफाय नाही. अशा वेळी ‘सुडो मॉडप्रोब’ देऊन पुढे ड्रायव्हरचं नाव लिहा. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ किंवा ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असं उत्तर आलं तर सिक्युअर बूटनं मॉड्यूल अडवलं आहे. ते चालू आहे का हे ‘मोकयुटिल’ ला दोन आडव्या रेघांनंतर ‘एसबी-स्टेट’ जोडून कळतं. तुमच्या लॅपटॉपवर बांधलेल्या मॉड्यूलवर तुमच्याच लॅपटॉपची सही असते, आणि ती सही ओळखीची आहे हे सिक्युअर बूटला एकदा सांगावं लागतं.

हे सांगायची संधी एकदाच येते आणि बहुतेकांची ती निसटते. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. त्यानंतरच्या पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येतो: ‘मोक मॅनेजमेंट’ साठी (मोक म्हणजे लॅपटॉपच्या मालकाची सहीची किल्ली) कुठलंही बटण दाबा. दहा सेकंदांत बटण दाबलं नाही तर लॅपटॉप पुढे निघून जातो. काहीतरी बिघडलं असं वाटून लोक घाबरून ‘कंटिन्यू बूट’ करतात. तिथे ‘एनरोल मोक’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग तो पासवर्ड, आणि शेवटी ‘रीबूट’, असं करायचं असतं. पासवर्ड तेवढ्यापुरताच लागतो. अक्षरं आणि आकडे साधे ठेवा, कारण त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो. संधी निसटली असेल तर ‘मोकयुटिल’ चा ‘इम्पोर्ट’ पर्याय वापरून किल्ली पुन्हा मागणीला लावा. उबुंटू-मिंटवर ती फाइल व्हार, लिब, शिम-साइन्ड, मोक या क्रमानं फोल्डरांत ‘मोक डॉट डीईआर’ नावानं असते. नावातला ‘मोक’ मोठ्या अक्षरांत.

सिक्युअर बूट बायोसमधून बंद करणं हा आडवळणाचा मार्ग आहे. फक्त लिनक्स असलेल्या जुन्या लॅपटॉपवर तो चालतो. विंडोजही असेल तर थांबा: बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असल्यास पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती हाताशी नसेल तर त्या ड्राइव्हवरचा डेटा उघडणार नाही. की आधी कागदावर उतरवा, मगच बायोस उघडा.

दोन ड्रायव्हरांचं भांडण थोडक्यात: कर्नलचा रियलटेकसाठीचा ‘आरटीडब्ल्यू८८’ आणि बाहेरून आणलेला, दोघेही एका कार्डावर हक्क सांगतात आणि बूटच्या वेळी कोण आधी पोचेल त्यावर वायफाय ठरतं. आज आहे, उद्या नाही. एक ठेवा, दुसरा काढा. कर्नलमधला चालत असेल तर तोच ठेवा.

चालतं, पण धड नाही

फक्त राउटरजवळच पकडत असेल आणि चिप १०ईसी:बी७२३, म्हणजे आरटीएल८७२३बीई असेल, तर अँटेनाचा घोळ असतो. कार्डाला दोन जोडण्या असतात, कंपनीनं एकच अँटेना लावलेली असते, आणि ड्रायव्हर रिकाम्या जोडणीवर ऐकत बसतो. ईटीसीमधल्या ‘मॉडप्रोब डॉट डी’ फोल्डरात नवी फाइल करून तिच्यात ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२’ अशी ओळ घाला. रीस्टार्ट करून फरक नसेल तर २ ऐवजी १ करा. सिग्नल एकदम सुधारतो, उघडझाप काही नाही.

मध्येच तुटण्याचं कारण बहुधा वीजबचत असतं. ईटीसीमधल्या नेटवर्क-मॅनेजर फोल्डरात, कॉन्फ डॉट डीच्या आत, उबुंटू-मिंटवर, नावात ‘वायफाय-पॉवरसेव्ह’ असलेली फाइल असते. तिच्यातला ३ हा आकडा २ केला की वायफायची वीजबचत बंद होते. ‘आरटीडब्ल्यू८८’ वर तेवढ्यानं भागलं नाही तर ‘आरटीडब्ल्यू८८_पीसीआय’ ला ‘डिसेबल_एएसपीएम=वाय’ हा पर्याय द्या. बॅटरी थोडी लवकर उतरेल.

फक्त तुमच्याच राउटरचं नाव दिसत नसेल, बाकीच्यांची दिसत असतील, तर लॅपटॉपला दोष देण्याआधी राउटर पाहा. बीसीएम४३१४२ आणि आरटीएल८७२३ घराण्यातल्या चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ गिगाहर्ट्झचं नाव त्यांना कधीच दिसणार नाही. राउटर १२ किंवा १३ व्या चॅनेलवर गेला असेल तर देशाची नोंद अमेरिकेची असलेल्या लॅपटॉपला तो सापडत नाही. राउटरला १, ६ किंवा ११ चॅनेल द्या, काम झालं.

शेवटी पैसे

इतकं करूनही दर अपडेटला तेच होत असेल तर कार्ड बदला. बीसीएम४३१४२ असलेल्या लॅपटॉपना मी हल्ली हेच सुचवतो. दर काही महिन्यांनी तीच झटापट करण्यात अर्थ नाही. तात्पुरती सोय हवी असेल किंवा उघडझाप नको असेल तर यूएसबी डोंगल घ्या. मात्र चिप विचारून घ्या, नाव बघून नको. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलचं उदाहरण घ्या: पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, ती लिनक्सवर सुरेख चालते; दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाखाली रियलटेकची आली. मीडियाटेक एमटी७६०१यू चा ड्रायव्हर कर्नल ४.२ पासून आहे, पण ती फक्त २.४ गिगाहर्ट्झची, दोन्ही बँड हवे असतील तर एमटी७६१२यू.

आतलं कार्ड बदलायचं तर आधी मागचं झाकण काढून बघा. काही पातळ लॅपटॉपमध्ये ते बोर्डावर डाग देऊन पक्कं केलेलं असतं, तिथे डोंगलच. सुटं असेल तर जुनं मिनी पीसीआय एक्स्प्रेस की नवं एम.२, हे ओळखा. दोघांच्या अँटेनाच्या टोप्यांचा आकार वेगळा असतो. एम.२ जागेसाठी इंटेलचं घेताना एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला सारखी, पण ती फक्त त्यासाठी बनवलेल्या इंटेल बोर्डावरच चालतात. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती घातलीत तर पैसे वाया. काही जुन्या मॉडेलचं बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतं आणि दुसरं दिसलं की बूटच होत नाही, म्हणून दुकानदाराकडून परत घेण्याची हमी घ्या.

कुठे थांबायचं

पॉवर बटणाचा उपाय केल्यावरही कार्ड ‘एलएसपीसीआय’ मध्ये दिसत नाही, विंडोजमध्येही दिसत नाही: थांबा, तंत्रज्ञाकडे द्या. कार्ड गेलं आहे, सैल झालं आहे किंवा बोर्डाचा दोष आहे. कुठलीही कमांड ते दुरुस्त करणार नाही.

झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली तर वायफायचा विषय तिथेच बाजूला ठेवा. चार्जर लावू नका, बॅटरी दाबू किंवा टोचू नका, थेट सेवा केंद्रात न्या.

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर झाकण उघडू नका. अँटेनाची तार तुटली किंवा तिची टोपी निघाली तर ती घरी डाग देऊन लावायच्या भानगडीत पडू नका. वायफायसाठी बायोस अपडेट करायची वेळ आली आणि बॅटरी धड नसेल, गावात भारनियमन असेल, तर ते काम दुकानातच करू द्या. मध्येच वीज गेली तर लॅपटॉप चालूच होणार नाही.

तंत्रज्ञाकडे जाताना कागदावर चार गोष्टी लिहून न्या: चिपचा आठ अक्षरी नंबर, ‘यूनेम -आर’ चं उत्तर, जुन्या कर्नलवर आणि विंडोजमध्ये कार्ड दिसतं का, आणि आतापर्यंत काय काय केलं. त्याच कागदावर ठळक लिहा: ‘डिस्क फॉरमॅट करू नये’. बऱ्याच दुकानांत पहिला उपाय तोच केला जातो.